गच्चीवरचा विमानतळ

मला घराबाहेर काढण्यासाठी आमचे घरमालक कोर्टात गेले. त्यांच्याकडे स्कूटर होती आणि माझ्याकडे नव्हती, म्हणून मीही त्यांच्याच मागे बसून गेलो. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून कोर्टापर्यंत वादी पुढे, प्रतिवादी मागे आणि मधे वादीच्या डब्याची पिशवी, अशी ती मिरवणूक दर तारखेला निघायची. पुढची तारीख पडली की कोर्टासमोर दोघं कट चहा घ्यायचो आणि आलो तसे परत जायचो. एकदा त्यांचे वकील म्हणाले, "सर, हे बरं दिसत नाही." त्यावर सर म्हणाले, "मग ह्यांच्या रिक्षाचे पैसे तुम्ही देता का?" वकिलांना पुन्हा काही दिसलं नाही.

सर म्हणजे पी.टी.चे सर. गावातल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर पोरांना उन्हात उभं केलं, आणि निवृत्त झाल्यावर जी शिस्त उरली होती ती वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंवर, म्हणजे माझ्यावर आणि माझ्या बायकोवर, खर्च करायला घेतली. पांढरी पॅंट, पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. अंघोळ करतानाही ते शिट्टी काढत नसत असं माझं म्हणणं आहे. पुरावा नाही, पण न्हाणीघरातून शिट्टी मी स्वतः ऐकलेली आहे. दूधवाला त्यांच्या दारात रांगेत उभा राहायचा, एकटा असला तरी. पेठेतली मांजरंसुद्धा त्यांच्या भिंतीवरून जाताना पावलं जुळवून जायची, यावर लोक विश्वास ठेवत नाहीत. पण लोकांनी ती मांजरं पाहिलेली नाहीत.

वरच्या दोन खोल्या माझ्या वडिलांनी सरांच्या वडिलांकडून भाड्यानं घेतल्या होत्या. सरांना त्या मोकळ्या करून तिथं योगासनांचा वर्ग काढायचा होता. मला त्या सोडायच्या नव्हत्या. भांडण एवढंच. बाकी आमचं उत्तम चालायचं. मला पोहायला त्यांनी शिकवलं ते दावा चालू असतानाच. मी बुडायला लागलो तेव्हा काठावरून त्यांनी शिट्टी मारली आणि ओरडले, "असं सुटायचं नाही तुम्हाला. आधी पुढची तारीख."

अशा माणसाच्या डोक्यावर राहून मी मात्र मुळीच शिस्तीचा झालो नाही. कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होतो तेव्हा बोनाफाइड सर्टिफिकेट न्यायला आलेली पोरं माझं बोलणं ऐकता ऐकता पदवीधर होऊन बाहेर पडत. मला एका प्रश्नाचं एक उत्तर देता येत नाही. कुणी "किती वाजले?" विचारलं तर मी घड्याळ कुठून घेतलं तिथून सुरू करतो. हा माझा स्वभाव. आणि ह्या स्वभावानिशी मला न्यूझीलंडला जायचं होतं.

त्याचं कारण असं, की ऑकलंडला असलेल्या आमच्या एकुलत्या एक मुलीला दिवस गेले. जावई भला आहे, पण त्याला आई नाही. पोरगी फोनवर एवढंच म्हणाली, "आई, तू वेळेवर ये, म्हणजे झालं." त्यानंतर माझ्या बायकोनं घरात दुसरा विषय काढला नाही. मला तिनं स्पष्ट सांगितलं, "तुम्ही आलात तर बरं. नाही आलात तर मी जाते."

ही बातमी खाली पोचायला जिन्याच्या पायऱ्या उतरण्याइतकाच वेळ लागला. सर लगेच वर आले. "न्यूझीलंड का? किती दिवस आहेत हातात? चला, गच्चीवर."

सर स्वतः हैदराबादच्या पुढं कधी गेले नव्हते, तेही खो-खोच्या संघाबरोबर. पण त्यांचे जुने विद्यार्थी जगभर पसरलेले. सरांचा मेसेज आला की तिकडचा तो विद्यार्थी, दोन पोरांचा बाप झालेला असला तरी, खुर्चीतून उठून उभा राहूनच उत्तर टाइप करत असणार. त्या माहितीच्या जोरावर सरांनी पेठेतली चार-पाच जोडपी परदेशी धाडली होती. एका जोडप्याला त्यांनी रांगेत उभं राहायला इतकं पक्कं शिकवलं होतं, की मुंबईच्या विमानतळावर दिसेल त्या रांगेत उभं राहत राहत ते अमेरिकेऐवजी दोह्याला पोचले. ते स्वतः हे नाकारतात. पण मी सांगतो तेच पेठेत चालतं.

पहिलं काम व्हिसाचं. व्हिसात गंमत अशी, की जायचंय हे कुणाला पटवावं लागत नाही. परत येणार, हे पटवावं लागतं. इथं तुमचं काय आहे, ते दाखवा म्हणतात. सर म्हणाले, "थोडक्यात लिहा." मी थोडक्यातच लिहिलं, सात पानं. त्यात नातेपुत्याच्या, म्हणजे आमच्या मूळ गावच्या, शेतीचं वर्णन जरा रंगलं. नजर पोचेल तिथवर आमची जमीन आणि नजर थकेल तिथं आमची विहीर, असं काहीतरी इंग्रजीत होतं. तिकडून उलट निरोप आला: ही जमीन छान आहे, तिचा कागद पाठवा.

मी नातेपुत्याला चुलतभावाला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, सातबारा पाठवतो की. पर बघून हसू नगा."

"हसायचं काय त्यात?"

"आकरा जणांची नावं हायत. तुमच्या वाटणीला बांधावरचं बोरीचं झाड आन् हिरीच्या पान्याची पाळी येती."

"पाळी कधी येते?"

"पाऊस झाला तर. ह्या साली न्हाय झाला."

तो उतारा बघून माझी बायको दोन दिवस हसत होती. लग्नाच्या बोलणीत हीच जमीन मी तिच्या वडिलांना दाखवली होती, टेकडीवर उभं राहून, हात लांब करून. व्हिसाचा अर्ज मात्र अडकला, आणि पोरीचे महिने सरत चालले होते. बायकोचं हसणं थांबलं. ती माझ्याकडे नुसती बघायला लागली, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

शेवटी सर म्हणाले, "तुम्ही परत येणार ह्याचं पत्र मी देतो. घरमालक म्हणून." त्यांनी ते शाळेच्या जुन्या टायपिस्टाकडून इंग्रजीत टाइप करून घेतलं. आशय असा होता: सदर गृहस्थ माझे भाडेकरू असून त्यांनी जागा सोडावी म्हणून मी वर्षानुवर्षं झटत आहे. न्यायालयाचे कागद सोबत जोडले आहेत. ते मला यश येऊ देत नाहीत. हा मनुष्य पृथ्वीवर कुठेही नेऊन सोडला तरी माझ्याच वरच्या मजल्यावर परत येईल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दुःख आहे.

व्हिसा आठवड्यात आला. नातेपुत्याच्या माझ्या जहागिरीनं जे झालं नाही ते माझ्यावरच्या दाव्यानं झालं.

मी पेढे घेऊन माझ्या वकिलांकडे गेलो. त्यांनी पेढा खाल्ला आणि चेहरा पाडला. "अहो, सहा महिने सलग कुलूप दिसलं की मालकाचं फावतं. भाडेकरूला जागेची गरजच नाही म्हणतात. मुलीचं बाळंतपण वगैरे आपण सांगू, पण कोर्टाला पटेलच असं नाही. आणि तुम्ही जाताय हे त्यांना माहीत आहे, वर पाठवतायत पण तेच? वा."

त्या "वा"नं माझी झोप उडाली. आता मला सगळा उलगडा झाला. पत्र, धावपळ, विद्यार्थ्यांचे मेसेज, सगळं मला समुद्रापार नेऊन टाकण्यासाठी होतं. मी परतीचं तिकीट पाच महिन्यांच्या आतलं काढलं आणि सर जितकी जास्त मदत करतील तितका त्यांच्याकडे जास्त संशयानं बघायला लागलो.

आणि मदत तर धो धो चालली होती. गच्चीवर रोज संध्याकाळी तालीम. जिन्याचं तोंड म्हणजे मुंबई. पाण्याची टाकी म्हणजे सिंगापूर, कारण विमान तिथं बदलायचं होतं. कपडे वाळत घालायच्या तारेपलीकडे न्यूझीलंड. मुंबई ते सिंगापूर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गुडघे कठड्याला टेकतील अशा. बायको म्हणायची, "सर, जरा पाय मोकळे करते."

"पट्टा बांधलाय तुमचा. विमान ढगात आहे."

"इथं ऊन आहे की हो."

"ढगाच्या वर ऊनच असतं."

मग तारेपाशी तपासणी. सर तारेपलीकडे उभे राहून अंमलदार व्हायचे. "कशासाठी आलात?"

बायको म्हणाली, "मुलीचं बाळंतपण. झालं की परत." सरांनी हात आडवा केला, ती तारेखालून वाकून न्यूझीलंडात गेली आणि तिथले वाळलेले कपडे घड्या करायला लागली.

मी म्हणालो, "त्याचं असं आहे साहेब, आमच्या मुलीला लहानपणापासूनच लांबच्या गोष्टींची ओढ. बालवाडीत असताना एकदा ती टेंभुर्णीच्या गाडीत…" शिट्टी. "परत मुंबईला." मी जिन्यापाशी जायचो, पुन्हा यायचो, पुन्हा शिट्टी. त्या तारेवरून मला इतक्या वेळा हाकललं गेलं, की समोरच्या गच्चीवरची माणसं संध्याकाळी खुर्च्या टाकून बसायला लागली.

बुटांचं तर विचारू नका. तिकडे परदेशची माती चालत नाही, बुटाला चिकटलेलीही नाही. सरांनी माझे बूट टूथब्रशनं घासायला लावले. मी तळ घासले तर म्हणाले, "शिवणीत बघा. शिवणीत अख्खी पेठ बसलीय." त्या बुटांचं खरं वजन निम्मं निघालं, बाकी सगळं सोलापूर होतं.

खाण्याचा भाग त्यांनी सगळ्यात मनावर घेतला. "काही लपवायचं नाही. फॉर्मवर सगळं लिहायचं. नाही लिहिलं तर दंड, नाहीतर परतीचं विमान." बायकोनं बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू केले होते. सरांनी डब्याचं झाकण उघडून वास घेतला. "खसखस आहे?"

"आहे की. खसखशीशिवाय डिंकाचा लाडू कसा होईल?"

"सिंगापुरात खसखस चालत नाही. नातवाला तुरुंगाच्या खिडकीतून बघाल." डबा जप्त झाला. जप्त माल नष्ट करायचा असतो, असा नियम सांगून सरांनी तो तिथंच कठड्यावर बसून नष्ट करायला सुरुवात केली. बायकोनं दुसऱ्या खेपेला बिनखसखशीचे केले. त्यात तूप होतं म्हणून तेही नष्ट झाले. तिसऱ्या खेपेला तिनं डबा पुढं केला तेव्हा म्हणाली, "सर, नियमाचं बघा, पण पोटालाही जपा. डिंक उष्ण असतो." त्यानंतर दोन दिवस तपासणी बंद होती. अंमलदार ताकावर होते. लाडू मग न्यायचेच नाहीत असं ठरलं, आणि शेंगाची चटणी नि कडक भाकरी दुकानातल्या सीलबंद पाकिटांत घेतली.

निघायच्या दिवशी सरांनी आमच्या बॅगा तीनदा उघडल्या. मोजेसुद्धा उलटे करून बघितले. रिक्षा आली, तेवढ्यात सरांच्या मंडळी, आमच्या वहिनी, हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आल्या. लांबच्या प्रवासाला बाई निघालीय, ती रित्या ओटीनं कशी जाईल? त्यांनी माझ्या बायकोची ओटी भरली. तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड, वर खण. सर शेजारीच उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं आणि "चला, चला" म्हणाले. बायकोनं ओटीचं सगळं खणात बांधलं आणि खांद्यावरच्या पर्समध्ये ठेवलं.

विमानात मी फॉर्म भरला. चटणी लिहिली, भाकरी लिहिली, खोकल्याची गोळीही लिहिली. इतकं खरं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. ऑकलंडला उतरलो, रांगेत उभे राहिलो, आणि पट्टा बांधलेलं एक लहानसं कुत्रं हुंगत हुंगत आलं आणि माझ्या बायकोच्या पर्सजवळ बसलं. ती म्हणाली, "उपाशी दिसतंय बिचारं. भाकरी द्या की त्याला."

बिचाऱ्याच्या दोरीचं दुसरं टोक ज्या बाईंच्या हातात होतं त्या सरांपेक्षा उंच आणि माझ्यापेक्षा दुप्पट रुंद होत्या. पर्स उघडली. नारळ निघाला. तांदूळ निघाले. हळकुंड निघालं. यातलं एकही फॉर्मवर नव्हतं. बाईंनी विचारलं, हे का नाही लिहिलं? मी बायकोकडे बघितलं. ती मराठीत म्हणाली, "ओटी का लिहायची? ती काय सामान आहे?"

एक परतीचं विमान डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि त्याच्या खिडकीत माझी बायको. शिट्टी मारायला कुणी नव्हतं, म्हणून मी बोलायला लागलो. माझ्या इंग्रजीत ओटी सांगायची म्हणजे सतरंजीला इस्त्री करण्यासारखं आहे. पोरीचं बाळंतपण सांगितलं, घरमालक सांगितले, त्यांनी माझ्यावर लावलेला दावा सांगितला, त्यांच्या बायकोनं माझ्या बायकोच्या पदरात हे का घातलं ते सांगितलं. तांदूळ शिजवायला नाहीत, नारळ फोडायला नाही, हे देणं आहे, आणि देणाऱ्याच्या दारातून ते नाकारून निघता येत नाही. कुत्रं आडवं झालं. मागची रांग दुसऱ्या रांगेत गेली. बाई मात्र ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्यावर खटला आहे आणि त्यांच्या बायकोनं तुम्हाला हे दिलं?" मी म्हणालो, "येस." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं एकशब्दी उत्तर.

त्यांनी ताकीद दिली, दंड केला नाही. पिशवी पुढं करून म्हणाल्या, हे मात्र ठेवून घ्यावं लागेल. माझ्या बायकोनं ते पिशवीत टाकलं नाही. खणासकट दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिलं, आणि त्यांनीही दोन्ही हातांनी घेतलं. कुंकू जवळ नव्हतं एवढंच.

फोनवर मी सरांना ही हकिगत मीठमसाला लावून सांगितली. ते म्हणाले, "घरच्या माणसाची झडती कुठला अंमलदार घेतो?"

आम्ही पोचल्यावर चौथ्या दिवशी नातू झाला, वेळेआधी आणि मूठभर. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. पोरीलाही उठता येईना. दिवस जात राहिले, तिकिटाची तारीख जवळ आली, आणि डॉक्टर अजून "बघू" म्हणत होते. मी सरांना फोन केला. म्हणालो, "येणं लांबतंय."

"बाळ घरी आलं का?"

"आलं, पण जपायला सांगितलंय. पोरगी एकटी पडेल."

"मग थांबा तिथंच."

मी फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, "ऐकलंस? थांबा म्हणाले. पटकन म्हणाले. पाच महिने ह्याच शब्दाची वाट बघत होते."

ती नातवाचं दुपटं बदलत होती. "गेल्या खोल्या तर गेल्या," ती म्हणाली. "ह्याचे गाल वर आल्याशिवाय मी हलत नाही. तुम्हाला जायचं तर जा. खोल्यांना मिठी मारून बसा." मी तिकीट पुढं ढकललं, व्हिसा वाढवून घेतला, आणि रोज रात्री अंथरुणात पडून वरच्या मजल्यावर योगासनं करणारी माणसं मोजत राहिलो.

परत आलो तेव्हा सातवा महिना उलटला होता. नातवाचे गाल वर आले होते आणि माझे खाली गेले होते. जिन्याला तेच कुलूप. सर दारात आले, बुटांकडे बघितलं आणि म्हणाले, "परवा तारीख आहे. साडेदहाला खाली या."

कोर्टाच्या व्हरांड्यात सरांचे वकील आमची वाटच बघत होते. असे आनंदी मी त्यांना कधी बघितले नव्हते. माझ्यासमोरच त्यांनी कागद काढला. "सर, अर्ज तयार आहे. सहा महिन्यांच्या वर कुलूप. साक्षीदारसुद्धा नको, ह्यांच्या पासपोर्टवर मुंबईचे दोन शिक्के आहेत, गेल्याचा आणि आल्याचा. याच्यापेक्षा पक्कं काही नसतं. सही करा, केस संपली."

मी बाकावर बसलो.

सरांनी अर्ज वाचला. सावकाश, शेवटपर्यंत. मग घडी घालून वकिलांच्या खिशात ठेवला. "हा टाकायचा नाही."

"सर, असं काय करता? जिंकलोय आपण."

"ह्यांना पाठवलं कुणी? पत्र मी दिलं. बूट मी घासायला लावले. गड्याला मैदानाबाहेर आपण पाठवायचं आणि तो दिसत नाही म्हणून बाद द्यायचा? समोरचा संघ आला नाही म्हणून मिळालेली ढाल मी शाळेत कधी आणली नाही."

"हा खेळ नाहीये सर."

"म्हणून तर तुम्हाला अजून जिंकता आलेलं नाही. गरज माझी आहे ना, वर्ग काढायची? मग तेवढ्यावर लढा. नीट लढा."

वकील खिसा चाचपत दाराकडे निघाले. माझे डोळे भरले. ह्या माणसाबद्दल मी परक्या देशात रात्र रात्र काय काय बरळलो होतो ते आठवलं, आणि मी उठून त्यांचा हात धरला. "सर, आता तुमच्याशी काय भांडायचं? मी तर म्हणतो, त्या वरच्या खोल्या तुम्ही खुशाल…"

सरांनी माझ्या तोंडावर तळहात दाबून धरला आणि दाराकडे मान वळवून बघितलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "वकील अजून दारातच आहे माझा."